वाचकांचे प्रश्न : हरिकेन येण्याआधी आणि पाणी ओसरल्यावर

दर वर्षी १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा, म्हणजे तिकडे ज्यांना हरिकेन म्हणतात त्यांचा हंगाम मानला जातो आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो ऐन भरात असतो. अमेरिकेच्या पूर्व आणि आखाती किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या आमच्या वाचकांची, तसेच मुलांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांची या विषयावरची पत्रे बरीच साठली होती. त्यांतल्या अनेकांच्या उपयोगी पडतील अशा प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. या पत्रांत वाऱ्याविषयी जितके विचारले आहे, त्याच्या निम्मेही पाण्याविषयी विचारलेले नाही. आणि माणसे दगावतात ती मुख्यतः पाण्याने. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अटलांटिकमधील वादळांनी अमेरिकेत थेट घेतलेल्या बळींपैकी सुमारे नव्वद टक्के बळी पाण्याचे होते आणि एकूण बळींतले जवळपास निम्मे समुद्राच्या उधाणाने, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर लोटलेल्या पाण्याने, गेले होते.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी फ्लोरिडातल्या टँपाजवळ घर घेतले. शेजारी सांगतात की पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीचे वादळ असेल तर घरीच थांबावे, तिसऱ्या श्रेणीच्या पुढे गेले तरच निघावे. हा नियम कितपत खरा मानावा?

हा नियम मानू नये, असे मी अगदी स्पष्टपणे सांगेन. वादळाची श्रेणी ज्या सॅफिर-सिम्पसन मापाने ठरते, ते माप केवळ वाऱ्याचा वेग मोजते. ताशी ७४ मैलांपासून पहिली श्रेणी, १११ मैलांपासून तिसरी आणि १५७ मैलांपासून पाचवी. समुद्राचे पाणी किती चढेल किंवा पाऊस किती पडेल, याविषयी तो आकडा काहीही सांगत नाही. २०१२ मधील सँडी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर पोहोचले तेव्हा त्याचे वारे पहिल्या श्रेणीच्या तोडीचे होते, आणि तरीही न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समुद्र शिरला. २००५ मधील कतरिना किनाऱ्यावर धडकताना तिसऱ्या श्रेणीचे होते, पण मिसिसिपीच्या किनाऱ्यावर त्याच्या उधाणाचे पाणी सुमारे २८ फूट चढले. १९६९ मध्ये त्याच किनाऱ्यावर पाचव्या श्रेणीचे कॅमिल येऊन गेले होते. ‘कॅमिलच्या वेळी येथवर पाणी आले नाही, मग आता कसे येईल’ असे म्हणून घरी थांबलेल्या कित्येकांना त्या आठवणीनेच फसवले. जुन्या वादळाच्या अनुभवावरून नव्या वादळाचा अंदाज बांधण्याची सवय तुमच्या शेजाऱ्यांप्रमाणे अनेकांना असते आणि मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याच सवयीची.

तुमच्या भागाचेच उदाहरण घ्या. २०२२ मधील इयान वादळाने टँपाच्या उपसागरातले पाणी उलट समुद्राकडे ओढून नेले आणि तळ उघडा पडला. त्याच वादळाने दक्षिणेला फोर्ट मायर्सच्या किनाऱ्यावर मात्र घरे वाहून नेली. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, हेलीन तुमच्या किनाऱ्यापासून शंभराहून अधिक मैल दूर समुद्रातून उत्तरेकडे गेले, तरी टँपाच्या उपसागरात त्याने विक्रमी उधाण आणले. म्हणून नॅशनल हरिकेन सेंटरच्या नकाशावरचा तो प्रसिद्ध शंकू पाहतानाही सावध राहावे. वादळाचा केंद्रबिंदू कोठून जाण्याची शक्यता आहे, एवढेच तो शंकू दाखवतो, आणि केंद्रबिंदू त्याच्या आत राहतो तोही तीनांपैकी साधारण दोन वेळा. वादळाचा पसारा त्या शंकूच्या कितीतरी बाहेर असू शकतो.

मग निर्णय कशावर घ्यावा? तुमचे घर कोणत्या स्थलांतर विभागात येते ते आजच, आकाश निरभ्र असताना, आपल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) नकाशावर पाहून ठेवा. फ्लोरिडात या विभागांना ए, बी, सी अशी अक्षरे असतात. विम्यासाठी वापरला जाणारा पूररेषेचा नकाशा वेगळा आणि हा वेगळा. या दोहोंची गल्लत फार जण करतात. तुमच्या अक्षराला निघण्याचा आदेश आला की श्रेणी कोणतीही असो, निघावे. विभागाबाहेरच्या, उंचावरच्या भक्कम घरात असाल आणि घर फिरते म्हणजे मोबाइल होम नसेल, तर बहुधा थांबता येते. तिकडचे आपत्तिव्यवस्थापक लोकांना हेच शिकवतात की पाण्यापासून पळावे आणि वाऱ्यापासून लपावे. पळण्यासाठी शेकडो मैल जावे लागत नाही; अनेकदा दहावीस मैल आत, विभागाबाहेरच्या मित्राच्या घरी जाणे पुरते. म्हणून असा मित्र आधी ठरवून, त्याला विचारून ठेवावा.

वेळेचा हिशेबही समजून घ्या. ‘वॉच’ म्हणजे वादळाची शक्यता असल्याची सूचना; ती साधारण ४८ तास आधी दिली जाते. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ येणार असल्याचा इशारा; तो ३६ तास आधी. पण हे तास वादळाच्या केंद्रापर्यंतचे नसून वादळी वारे सुरू होण्यापर्यंतचे असतात. ते वारे सुरू झाल्यावर पूल बंद होऊ लागतात आणि रुग्णवाहिकाही बाहेर पडत नाहीत. तेव्हा वॉच लागला की गाडीत इंधन भरावे आणि सामान बांधावे. आदेशानंतर विचार करत बसण्यासाठी वेळ उरलेला नसतो.

प्रश्न : खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीचा फुलीसारखा आकार चिकटवल्याने काच फुटत नाही का? आणि हवेचा दाब समान राहावा म्हणून एखादी खिडकी किंचित उघडी ठेवावी का?

दोन्ही समज चुकीचे आहेत. चिकटपट्टीने काच वाचत नाही. फुटलीच तर तिचे मोठे, अधिक धोकादायक तुकडे होतात. खिडकी उघडी ठेवल्यास वारा आत शिरतो आणि छपराला आतून उचलतो. खिडक्यांना झडपा किंवा किमान जाड प्लायवूड लावावे आणि गॅरेजच्या मोठ्या दाराला आधार द्यावा, कारण कित्येक घरांत वारा प्रथम तेथूनच आत येतो. वादळ चालू असताना खिडक्या नसलेल्या आतल्या खोलीत थांबावे. मध्येच सारे शांत झाले तर वादळ संपले असे समजू नये. तो वादळाचा डोळा असू शकतो आणि काही वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. घरात पाणी चढू लागले तर बाहेर पडण्याची वाट नसलेल्या माळ्यावर कधीही जाऊ नये. कतरिनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये माणसे अशीच माळ्यावर अडकली होती. छपरावर जावे आणि तेथून मदत मागावी.

प्रश्न : आम्ही दोघे सत्तरीचे असून जुलैपासून ह्यूस्टनला मुलाकडे राहणार आहोत. त्याचे घर इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. यजमानांना मधुमेह आहे आणि ते इन्सुलिन घेतात. आम्ही कोणती तयारी ठेवावी?

तिसऱ्या मजल्यावर पाणी येण्याची भीती कमी, त्यामुळे तुमची मुख्य अडचण वेगळी असेल: वीज जाईल आणि ती लवकर येणार नाही. ८ जुलै २०२४ रोजी बेरिल हे केवळ पहिल्या श्रेणीचे वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आले आणि ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. अनेकांनी ऐन उन्हाळ्यात कित्येक दिवस विजेविना काढले. तिकडची घरे बंद काचांची आणि वातानुकूलनावर विसंबलेली असतात, त्यामुळे वीज गेल्यावर ती आतून भट्टीसारखी तापतात. २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्या एका वृद्धाश्रमात वातानुकूलन बंद पडले आणि बारा वृद्ध रहिवासी त्या उष्णतेने दगावले. त्यानंतर तेथे अशा संस्थांना जनरेटर ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले. सत्तरीत तहान आणि उष्मा दोन्ही उशिरा जाणवतात. तेव्हा ‘सोसतंय, कशाला कोणाला त्रास द्यायचा’ असे कृपया म्हणू नका. शहरात गारव्यासाठी उघडलेली केंद्रे कोठे आहेत ते मुलाला शोधून ठेवायला सांगा आणि वीज गेल्याच्या पहिल्याच दिवशी तेथे जाऊन बसा.

इन्सुलिनविषयी. न उघडलेले किंवा उघडलेले इन्सुलिन साधारण १५ ते ३० अंश सेल्सियस तापमानात २८ दिवसांपर्यंत वापरता येते, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे मार्गदर्शन आहे. म्हणून फ्रीज बंद पडला की लगेच घाबरू नये. पण ऊन आणि तापलेली गाडी यांपासून ते जपावे आणि बर्फाला थेट टेकवून गोठवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. निदान दोन आठवड्यांची औषधे, सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, औषधांची मूळ नावांसह लिहिलेली यादी आणि डॉक्टरांचे पत्र एका जलरोधक पिशवीत ठेवा. पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवासविम्याची कागदपत्रेही त्याच पिशवीत ठेवा. थोडी रोख रक्कमही असू द्या, कारण वीज नसताना कार्डे चालत नाहीत.

पाणी दर माणशी दर दिवशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, असे किमान तीन दिवसांचे आणि जमल्यास दोन आठवड्यांचे साठवावे. शौचालयासाठी न्हाणीतला टबही भरून ठेवावा. नळाचे पाणी उकळूनच प्यावे अशी सूचना आली तर पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट ते तसेच उकळू द्यावे. उकळण्याची सोय नसेल तर सुगंध नसलेल्या, सहा टक्क्यांच्या साध्या ब्लीचचे आठ थेंब एका गॅलनला टाकून अर्धा तास थांबावे. पाण्यात रसायन किंवा इंधन मिसळलेले असेल तर मात्र यांपैकी कोणताही उपाय चालत नाही. फ्रीजचे दार बंद ठेवल्यास आतील अन्न चार तास टिकते. भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. त्यानंतर वास घेऊन किंवा चाखून पाहू नये, टाकून द्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. मुलगा किंवा शेजारी जनरेटर आणतील. तो बाल्कनीत, गॅरेजमध्ये किंवा खिडकीजवळ कधीही चालवू देऊ नका. दारेखिडक्यांपासून किमान २० फूट दूर, मोकळ्या जागेतच तो ठेवायचा असतो. कोळशाची शेगडी आणि बार्बेक्यूलाही हाच नियम आहे. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. २०२० मध्ये लुइझियानात लॉरा वादळ येऊन गेल्यानंतर या वायूने अनेक जीव घेतले. वादळातून सुखरूप राहिलेली माणसे आपल्याच घरात दगावली. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात आहे की नाही, ते पोहोचल्या दिवशीच पाहा. नसेल तर मुलाकडे तो हट्टाने मागा.

प्रश्न : रस्त्यावर पाणी असले तरी उंच गाडी असेल तर हळूहळू पुढे जाता येते ना?

नाही. वाहते पाणी सहा इंच असले तरी उभा माणूस पडू शकतो, एक फूट पाणी बहुतेक मोटारी तरंगवते आणि दोन फूट पाणी उंच गाड्यांनाही वाहून नेते. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही. अमेरिकेत पुरात बुडून मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे वाहनात असतात. गाडी पाण्यात बंद पडली आणि पाणी चढू लागले तर पट्टा सोडून ताबडतोब खिडकीतून बाहेर पडावे, कारण पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही. काच फोडण्याची छोटी हातोडी गाडीत हाताशी असावी.

याच संदर्भात एक वाचक विजेवर चालणाऱ्या गाडीविषयी विचारतात. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विद्युत गाडीची बॅटरी नंतर कित्येक दिवसांनीही पेटू शकते. इयान आणि हेलीन या दोन्ही वादळांनंतर फ्लोरिडात असे घडले. अशी गाडी वादळाआधीच उंच जागी नेऊन ठेवावी. बुडालीच तर ती चालू करू नये आणि घरापासून व इतर वाहनांपासून दूर, उघड्यावर ठेवण्याची व्यवस्था करावी.

प्रश्न : आमच्या लुइझियानातल्या घरात दोन फूट पाणी दोन दिवस साचले होते. आता ते ओसरले आहे आणि आम्हाला परत जाण्याची परवानगी मिळाली आहे. सुरुवात कोठून करावी, काही सुचत नाही.

तुमचे पत्र वाचून मन कळवळले. सुरुवात घराच्या बाहेरून करा. भिंत किंवा पाया झुकला आहे का, विजेची तार लोंबते आहे का, आणि गॅसचा वास येतो का, हे आधी पाहा. वास येत असेल तर एकही बटण न दाबता मागे फिरा आणि दूर जाऊन फोन करा. विजेचा मुख्य खटका बंद करण्यासाठी पाण्यातून किंवा ओल्या जमिनीवरून जावे लागणार असेल तर तो बंद करायला जाऊ नका. ते काम वीजतंत्रज्ञाचे आहे. भिजलेली उपकरणे आणि वायरिंग त्याने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नका. शेजाऱ्यांपैकी कोणाच्या तळघरात पाणी असेल तर त्यांनाही सांगा की बाहेरचा पूर ओसरल्यावर ते एकदम उपसू नये. बाहेरच्या ओल्या मातीच्या दाबाने भिंती आत कोसळतात. दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढावे.

काहीही हलवण्यापूर्वी प्रत्येक खोलीची, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेची आणि प्रत्येक वस्तूची छायाचित्रे काढा. पण विम्याचा माणूस येईपर्यंत घर तसेच ओले ठेवू नका. गालिच्याचा, जमिनीवरच्या आच्छादनाचा एकेक तुकडा नमुना म्हणून ठेवून बाकीचे बाहेर काढा. ४८ तासांहून अधिक काळ ओल्या राहिलेल्या घरात बुरशी धरली आहे असेच गृहीत धरावे. गाद्या, उशा, भुशाच्या फळ्यांचे फर्निचर आणि भिजलेला गालिचा वाचत नाही. ड्रायवॉल, म्हणजे आतल्या भिंतींच्या जिप्समच्या फळ्या, पाण्याच्या रेषेच्या किमान फूटभर वरपर्यंत कापून काढावी लागते आणि तिच्यामागचे भिजलेले इन्सुलेशनही टाकावे लागते, कारण वरून कोरड्या दिसणाऱ्या भिंतीच्या आत ओल वर चढत जाते. नवी भिंत उभारण्याची घाई करू नये. आतले लाकूड पूर्ण सुकायला कित्येक आठवडे लागू शकतात, आणि ओल्या लाकडावर चढवलेली भिंत पुन्हा काढावी लागते. हे काम करताना एन ९५ मुखपट्टी, चश्मा, रबरी बूट आणि जाड हातमोजे घालावेत. दमा असणाऱ्यांनी, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आणि लहान मुलांनी या कामापासून दूर राहावे. ब्लीच आणि अमोनिया असलेली द्रव्ये एकत्र करू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो.

पुराच्या पाण्यात सांडपाणी, इंधन, कीटकनाशके, तुटलेली काच, सगळे काही असते. पायाला जखम असेल तर त्यात उतरूच नये. जखम झालीच तर साबणाने स्वच्छ पाण्यात धुवावी आणि धनुर्वाताची लस घेतल्याला किती वर्षे झाली ते डॉक्टरांना सांगावे. खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो. तो जखमेतून शिरला तर काही तासांत ती जागा लाल, सुजलेली, असह्य दुखरी होते. इयाननंतर फ्लोरिडात त्याचे रुग्ण वाढले होते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. लेप्टोस्पायरोसिसचा ताप मात्र दोन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत केव्हाही येऊ शकतो. त्यामुळे महिनाभराने ताप आला तरी आपण पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तुमच्या भागात सापांबरोबरच लाल मुंग्यांचे गोळे पाण्यावर तरंगत येतात; तेही ध्यानात ठेवावे.

स्वयंपाकघरात निर्दय व्हावे लागते. पुराच्या पाण्याचा स्पर्श झालेले, झाकण फिरवून बंद केलेल्या बरण्यांतले अन्नही टाकावे. पोचा न पडलेले, पूर्ण धातूचे बंद डबे कागद काढून, धुऊन आणि ब्लीचच्या सौम्य द्रावणात पंधरा मिनिटे ठेवून वापरता येतात. लाकडी पोळपाट, लाकडी चमचे आणि बाळाच्या दुधाच्या बाटलीची बोंडे टाकून द्यावीत. भिजलेली औषधेही टाकावीत.

आणि थोडे बसा. वादळानंतर साफसफाई करताना हृदयविकाराच्या झटक्याने, छपरावरून पडून आणि झाडे तोडण्याच्या करवतीने दर वर्षी माणसे मरतात. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास काम करून दहा दिवस लागले तरी चालतील.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर असून भाड्याच्या घरात राहतो. घरमालकाचा विमा आहे, तर मला वेगळा विमा हवा का? सरकारी मदत मिळेल का?

घरमालकाचा विमा त्याच्या इमारतीसाठी असतो, तुमच्या सामानासाठी नाही. शिवाय अमेरिकेतील नेहमीच्या घरविम्यात किंवा भाडेकरूच्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमात भाडेकरूलाही केवळ सामानाचा विमा घेता येतो. सामानासाठी त्याची कमाल मर्यादा १,००,००० डॉलर आहे. तो विमा साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेला विमा त्या वादळाला उपयोगी पडत नाही. तो मे महिन्यापूर्वीच घ्यावा. नुकसान झाल्यास नुकसानीचे सहीचे निवेदन ६० दिवसांत द्यावे लागते.

संघीय आपत्ती संस्थेची, म्हणजे फेमाची, रोख मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांसारख्या ठरावीक गटांना मिळते; एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसा त्यात बसत नाही. मात्र तुमचे अपत्य जन्माने अमेरिकन नागरिक असेल आणि ते अल्पवयीन असून तुमच्याबरोबर राहत असेल, तर त्याच्या वतीने घरासाठी अर्ज करता येतो. निवारा, अन्न, पाणी आणि बचावकार्य यांसाठी व्हिसाची अट नसते, म्हणून कागदपत्रांच्या भीतीने आश्रयकेंद्रात जाण्याचे टाळू नका. तुमच्या बाबतीत सरकारी रोख मदतीचा आधार नसल्यामुळे सामानाचा विमा इतरांपेक्षा अधिक आवश्यक ठरतो. घरातल्या प्रत्येक खोलीची चित्रफीत आजच काढून ती स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.